आत उकडतं

कुडव्याच्या त्या घरात स्वयंपाकघरातली कपाटं रंगवायची ठरली, पण रंग कोणता हे कुणी सांगेना.

"तुले कोणता आवडते?" शांतीबाई सुनेला विचारायच्या.

"तुम्हाला आवडेल तोच, आई," नीतू म्हणायची.

लग्नाला वर्ष होत आलं होतं. मुलगा हिमांशु नोकरीला रायपूरला, सून नीतू गोंदियाच्या बँकेत. ती अजून पाहुणीसारखी मीठसुद्धा विचारून घ्यायची, आणि तेच शांतीबाईंना सलत होतं.

शेवटी सासरे दुधरामजी पिशवी घेऊन निघाले. फाटकापाशी शांतीबाईंनी गाठलं. "नीतूले आवडन असा फिक्कट रंग आणजा. मी सांगतलं म्हणून सांगजा नोको."

रस्त्यात नीतूचा फोन आला. "बाबा, आईंना आवडेल असाच आणा. माझं नाव नका सांगू."

रंगाच्या दुकानात मालक दुलीचंदनं शेडकार्ड पुढं सरकवलं. "कौनसा दूँ, भैय्याजी?" बराच वेळ पाहून दुधरामजींनी एका नरम गुलाबीवर बोट ठेवलं.

कार्डावरचा तो चौकोन मोठा गोड दिसत होता. दारांवर चढला तेव्हा अख्खं स्वयंपाकघर कवळीच्या हिरड्यांसारखं दिसू लागलं.

शांतीबाई उंबऱ्यातच थबकल्या. "कोणाच्या आवडीचा होय?"

"नीतूच्या," दुधरामजी म्हणाले. संध्याकाळी नीतूनं विचारलं, तेव्हा म्हणाले, "तुह्या आईच्या." दोघी खूश राहाव्यात, एवढंच त्यांच्या मनात होतं.

"लय साजरा दिसते," शांतीबाई म्हणाल्या. "डोळ्यांना शांत वाटतं," नीतू म्हणाली.

एवढं कौतुक झाल्यावर दुधरामजींनी आणखी एक डबा आणून भांड्यांची मांडणी रंगवली, मग खिडकी, मग बसायचे पाट. सुनेला बरं वाटावं म्हणून शांतीबाईंनी गुलाबी पडदा शिवून घेतला. सासूला बरं वाटावं म्हणून नीतूनं गुलाबी डबे मागवले. बघता बघता त्या खोलीत पांढरं म्हणून फक्त मीठ उरलं.

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी शांतीबाई शाल गुंडाळून ओसरीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. थोड्या वेळानं नीतूही स्वेटर घालून, मेथीची जुडी घेऊन बाहेर आली.

"तू काऊन बाहेर आली?"

"आत उकडतं, आई."

"थंडीत?"

"मग तुम्ही का बसलात?"

"मलेही उकडूनच राहिलं."

मेथी तोडता तोडता नीतू म्हणाली, "रागावणार नसाल तर विचारते. तुमचा हा रंग थोडा जास्तच गुलाबी नाही का?"

"माहा?" शांतीबाईंनी सूप खाली ठेवलं. "तुह्या आवडीचा होय म्हणून मी डोळे मिटून भात रांधून राहिली."

दोघींनी एकदमच अंगणाकडं पाहिलं. दुधरामजी तुळशीजवळच्या कुंड्या रंगवत होते. त्यांनी ब्रश हळूच डब्यात ठेवला.

"आता खरं सांग," शांतीबाई म्हणाल्या. "कोणता पायजे?"

"पिस्ता," नीतू पटकन म्हणाली.

"पिस्त्यावर तेलाचे डाग दिसतेत. मोतिया घेऊ."

"मोतिया कायले? दवाखाना वाटेल सारा. तू ऐक तर, आई."

शांतीबाईंचा सुपातला हात थांबला. 'तू' त्यांना नीट ऐकू आलं होतं. पिस्ता त्यांना मनातून पटला होता, तरी त्या जोरात म्हणाल्या, "मोतियाच." मग नीतू हट्टाला पेटली. दुपारपर्यंत दोघी मनसोक्त भांडल्या आणि एकाच स्कूटीवरून पिस्ता आणायला गेल्या. दुधरामजींना कुणी सोबत घेतलं नाही.

नवा हात मारताना नीतूनं विचारलं, "पण बाबा, तुम्ही गुलाबीच का निवडला?"

"मले आवडला," दुधरामजी म्हणाले. "मले कोणी विचारलंच नाही, म्हणून मीही सांगतलं नाही."



आज ते स्वयंपाकघर पिस्ता रंगात छान दिसतं. फक्त कोपऱ्यातलं, चहासाखरेचं एक लहान दार गुलाबी आहे. नवा पाहुणा विचारतो, हे राहून गेलं का?

"राहून नाही गेलं," शांतीबाई सांगतात. "ते आमच्या बुढ्याचं होय."