इंजिनात हरवलेला गुरुवार

मार्लिसने ती गोष्ट जेवताना सहज सांगितली होती. गावाबाहेर स्कोग्मोच्या चढावर एक दुधाचा टँकर तिच्या गाडीला मागे टाकून गेला आणि जाताना टँकरवाल्याने खिडकीतून हात हलवला, एवढीच. सांगताना ती स्वतःच हसली, भट्टीतून काढलेला बटाट्याचा हॉटडिश पुन्हा थोडा वाढून घेतला आणि तिच्यापुरता विषय संपला.

समोर बसलेल्या वेंडेल ऑस्गार्डचा घास मात्र काट्यावरच राहिला. टँकर, तोही दुधाने भरलेला, त्याच्या बायकोला मागे टाकून जातो आणि वर हात हलवतो, हे त्याला पचेना.

वेंडेल गावाच्या पाणीपुरवठा कचेरीत कारकून. कामात इतका चोख, की त्याच्या हातून आजवर एकाही घरचं पाणी चुकून बंद झालं नव्हतं. (एकदा चर्चचं झालं होतं. पण त्या दिवशी रविवार नव्हता.) असा माणूस एखादी गोष्ट मनावर घेतो, तेव्हा ती नीट घेतो. आठवडा असाच गेला. मग एका सकाळी कॉफी ओतता ओतता म्हणाला,

"मार्लिस, तुझ्या गाडीला सुपरचार्जर बसवू या का?"

"का? माझ्या गाडीला काय झालंय?"

"काही नाही. सुरक्षिततेसाठी म्हणतोय."

"जोरात जाणं सुरक्षित असतं होय?"

"टँकरच्या मागे असण्यापेक्षा पुढे असणं सुरक्षित असतं."

सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारा एक जबरदस्त पंखा. बाहेरची हवा ओढून तो ती इंजिनात कोंबतो. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून जोर जास्त. जेवायला बसलेल्या माणसाशेजारी आग्रह करकरून वाढणारी एखादी मावशी कायमची बसवली, तर त्याचं जे होईल तेच इंजिनाचं होतं. लोक हा पंखा शर्यतीच्या गाड्यांना बसवतात. मार्लिसची गाडी बदामी रंगाची, चार दारांची, मागच्या सीटवर बँडेजच्या खोक्यांचा ढीग असलेली.

कारण मार्लिस परिचारिका होती. गावाबाहेरच्या शेतांवर एकटेदुकटे राहणारे म्हातारे तिच्या वाट्याला होते. रोज सकाळी ती त्या गाडीने निघायची आणि एकेकाच्या घरी जाऊन कुणाला सुई टोचायची, कुणाची जखम धुवायची, कुणाशी नुसतंच बोलायची. घरात दुसरी गाडी नव्हती. वेंडेल कचेरीत चालत जायचा.

म्हणून, शुक्रवार ते रविवारची फेरी दुसऱ्या परिचारिकेवर सोपवताना, तिने एकच अट घातली. "सोमवारी सकाळी गाडी दारात पाहिजे. अ‍ॅग्नेसबाईंचं इन्सुलिन मी देते, एमिलचा पाय मी बांधते. त्या दोघांना सुपरचार्जर म्हणजे काय ते माहीत नाही आणि मला ते समजावून सांगायचं नाहीये."

"दारात असेल."

"नुसती उभी नको, वेंडेल. चालणारी."

"मी शब्द देतो."

वेंडेलचा शब्द म्हणजे शब्द. मार्लिसला ते माहीत होतं, म्हणून तर तिने तो घेतला.

सुपरचार्जरचं खोकं आलं आणि शुक्रवारी त्याने रजा टाकली आणि गॅरेजच्या दारापुढे गाडी उभी करून तिचं नाक काढलं. खरोखरच काढलं. पुढचा बंपर, दिवे, जाळी, सगळं गवतावर चादर अंथरून तिच्यावर ओळीने मांडलं. प्रत्येक बोल्टला चिठ्ठी. छोटे बोल्ट मार्लिसच्या मफिनच्या साच्यात, खळग्याखळग्यात वेगळे. त्या मांडणीकडे बघून कुणालाही वाटलं असतं, की इथे एखाद्या श्रीमंत घरच्या लग्नाचा रुखवत मांडलाय.

त्या गल्लीची एक रीत होती. घरापुढे बॉनेट उघडं दिसलं, की ते आमंत्रण समजायचं. बोलावणं पाठवावं लागत नाही. माणसं आपापल्या घरून हातात काहीतरी घेऊन येतात, गाडीच्या कडेवर तळवे टेकून वाकतात आणि "हं" म्हणतात. शनिवारी सकाळपर्यंत असे तिघे वाकलेले होते. पहिला ऑरिन, शेजारचा, सदा हातात काहीतरी खाणारा. दुसरा क्लेटन, ज्याने आयुष्यभर सरकारी रस्त्यांवरचा बर्फ लोटला होता आणि जो सगळ्या अडचणींकडे त्याच नजरेने बघायचा. तिसरे डॉक्टर लिंडस्ट्रॉम, दातांचे, आता निवृत्त.

"जागा होणार नाही," क्लेटन म्हणाला.

"होईल. मी मोजलीय," वेंडेल म्हणाला.

"मोजून बसत नसतं. ढकलून बसतं."

"क्लेटन, हे इंजिन आहे, बर्फ नाही."

पण खरं सांगायचं, तर तिघेही मनातून थक्क झाले होते. पुस्तिका वाचून वाचून हा कारकून ज्या शांतपणे एकेक नळी सोडवत होता, एकेक बोल्ट जागेवर ठेवत होता, ते बघून डॉक्टर एकदा क्लेटनच्या कानात म्हणालेसुद्धा, "हा माझ्याकडे असता ना, तर मी आणखी दहा वर्षं दवाखाना चालवला असता."

दुपारी इंजिनाचं वरचं झाकण निघालं आणि हवा आत जाण्याची सहा तोंडं उघडी पडली. आता यांतून एखादा वॉशर जरी आत पडला, तरी इंजिन गेलं. त्यामुळे प्रत्येक तोंडात बोळा कोंबायचा. बोळा कसला, तर ज्याचा धागा सुटत नाही अशा कापडाचा. वेंडेलने स्वयंपाकघरात जाऊन सगळी कापडं चोळून पाहिली आणि नेमकी ती उचलली, जी उचलायला नको होती.

मार्लिसच्या आजीने पिठाच्या पिशव्यांच्या पातळ कापडाची, मुठीत मावतील एवढी सात फडकी केली होती. वाराला एक. प्रत्येकावर वाराचं नाव आणि रंगीत धाग्यांनी भरलेलं एक मांजर. सोमवारचं मांजर कपडे धुतंय, मंगळवारचं इस्त्री करतंय, गुरुवारचं टोपली घेऊन बाजाराला निघालंय. तोंडं सहा होती, म्हणून वेंडेलने सोमवार ते शनिवार नेले. रविवारच्या मांजराला कामाला लावलं नाही. (तेवढा धर्म तो पाळतो.)

रविवारी चर्चहून आल्या आल्या सगळे पुन्हा जमले. ऑरिनने सॉसेजची थाळी आणली होती, भरपूर मोहरीची चटणी घालून. नवं झाकण बसवायची वेळ आली. "बोळे काढा," वेंडेल म्हणाला आणि तिघांनी भराभर हात घालून ते काढले. झाकण बसलं. ठरलेला जोर झाला की कट्‌ आवाज करणारा एक पाना असतो, त्याने वेंडेलने एकेक बोल्ट आवळला. दर कट्‌ला क्लेटन मान हलवायचा. मग पंखा बसला, पट्टा चढला, नळ्या जोडल्या गेल्या. क्लेटन म्हणाला होता तसं काही ढकलावं लागलं नाही.

आता फक्त किल्ली फिरवायची होती. वेंडेलने हात धुतले, आणि आधी फडकी घडी करून ठेवावीत म्हणून ती गोळा केली. सोमवार, मंगळवार, बुधवार. शुक्रवार, शनिवार.

त्याने पुन्हा घडी उलगडली.

"गुरुवार कुठाय?"

"गुरुवार? चार दिवसांनी," क्लेटन म्हणाला.

"नाही, गुरुवार. गुरुवार इथे पाहिजे होता."

"वेंडेल, तू दुपारचं काही खाल्लंस का?" ऑरिनने काळजीने विचारलं.

"मी सहा वार आत घातले होते. बाहेर पाच आलेत."

डॉक्टरांनी चष्मा वर केला आणि सावकाश वेंडेलच्या खांद्यावर हात ठेवला. दवाखान्यात, भूल उतरण्याआधी बोलणाऱ्या माणसांच्या खांद्यावर ते असाच हात ठेवत. वेंडेलने त्यांच्यापुढे शनिवार धरला. त्यावरचं मांजर केक भाजत होतं. मग सगळ्यांना उमगलं आणि सगळे एकदम गाडीकडे वळून बघू लागले.

गुरुवार आत राहिला असेल आणि किल्ली फिरवली, तर सोमवारी काय, नाताळपर्यंत ही गाडी हलणार नव्हती.

"उघडू या," वेंडेल म्हणाला.  सकाळपासून आवळलेला एकेक बोल्ट त्याने उलट क्रमाने सोडला. चौघे गाडीवर वाकले. डॉक्टर घरी जाऊन आपला दात बघायचा आरसा आणि कपाळाला लावायचा दिवा घेऊन आले आणि एकेका तोंडात डोकावू लागले.

"हे स्वच्छ. हेही स्वच्छ. इथे थोडी काजळी आहे, पण कीड नाही."

"फडकं, डॉक्टर, फडकं."

"फडकं नाही."

"आणखी आत गेलं असेल," ऑरिन म्हणाला. त्याच्याइतक्या तळमळीने कुणीच शोधत नव्हतं. गाडीखाली तो दोनदा जाऊन आला होता आणि आता कडेवर ओणवा होऊन, जवळजवळ कमरेपर्यंत आत शिरला होता. "माझं ऐक वेंडेल, इंजिनच खोलावं लागणार. मला तर आशा दिसत नाही."

इंजिन खोलायचं म्हणजे आठवडा. वेंडेलने हातातला पाना खाली ठेवला. त्याला अ‍ॅग्नेसबाई दिसल्या, खिडकीशी बसलेल्या. एमिल दिसला, पाय स्टुलावर ठेवून रस्त्याकडे कान लावलेला. सबबी त्याला सुचत होत्या, चांगल्या सुचत होत्या, पण तो त्यातला माणूस नव्हता. तो सरळ घरात गेला.

मार्लिस उद्याची पिशवी भरत होती.

"मार्लिस, मी शब्द दिला होता. गाडी उद्या चालणार नाही. गुरुवार इंजिनात गेलाय."

तिने पट्ट्यांची गुंडाळी पिशवीत ठेवली. "कुठला गुरुवार?"

"बाजाराला निघालेला."

"माझ्या आजीचा गुरुवार तू इंजिनात घातलास?"

"सगळेच घातले होते. रविवार सोडून."

 मार्लिस ओरडली असती तर वेंडेलला बरं वाटलं असतं. तिने नुसते हात पुसले आणि बाजूच्या दाराने बाहेर पडून, कुंपणाला वळसा घालून ती रस्त्याच्या बाजूने गाडीकडे आली. सकाळपासून जो तो इंजिनाकडे बघत होता. मागून येणारी ती पहिलीच. तिच्यासमोर तीन पाठी ओळीने वाकलेल्या होत्या, आणि मधल्या पाठीखाली, पँटच्या मागच्या खिशातून, मोहरीचा पिवळा डाग पडलेलं एक टोक लोंबत होतं.

"ऑरिन," ती म्हणाली, "तुझ्या खिशातून मांजर बाजाराला निघालंय."

ऑरिन जागच्या जागी थिजला. मग हात मागे नेला, चाचपडला आणि त्याने गुरुवार बाहेर काढला.  सकाळी त्यानेच तो इंजिनाच्या तोंडातून काढला होता, हाताची मोहरी त्याला पुसली होती आणि जन्मभराच्या सवयीने मागच्या खिशात खोचला होता.

"मी दोनदा गाडीखाली गेलो," ऑरिन हळूच म्हणाला. "तोही माझ्याबरोबर दोनदा आला म्हणायचा."

"दे इकडे," मार्लिस म्हणाली. "धुवायला टाकते. आणि वेंडेल, तू उभा काय राहिलास? बसव ना परत."

त्या परत बसवण्यात जी मजा होती, ती पहिल्या वेळी नव्हती. आता प्रत्येकाला आपलं काम माहीत होतं. डॉक्टर दिवा धरून, क्लेटन बोल्ट पुढे करत, ऑरिन हात खिशापासून लांब ठेवून. वेंडेल चुकला नाही, थांबला नाही, आणि घाईही केली नाही. संध्याकाळच्या उन्हात त्याने किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं, आणि त्याच्या आवाजाखालून एक बारीक, गोड शीळ निघाली. चार मोठी माणसं गवतावर उभी राहून ती ऐकत राहिली. क्लेटनने टोपी काढली होती.

सोमवारी सकाळी गाडी दारात होती, चालणारी. मार्लिस वेळेवर गेली. संध्याकाळी ती परत यायच्या सुमाराला चौघेही कुठलंही खास कारण नसताना गॅरेजपुढे उभे होते.

गाडी आली. मार्लिस उतरली. तिचा चेहरा फुललेला होता.

"अ‍ॅग्नेसबाई?" वेंडेलने आधी विचारलं.

"मजेत आहेत. एमिलचा पायही सुकतोय." मग ती त्याच्याजवळ आली आणि सगळ्यांसमोर त्याच्या दंडावर हात ठेवून म्हणाली, "वेंडेल, खरं सांगू? एवढा फरक पडेल असं मला वाटलंच नव्हतं."

वेंडेलने पोट आत घेतलं. ऑरिनने त्याला कोपराने ढोसलं.

"एमिलच्या कच्च्या रस्त्यावर माझ्यापुढे बीटाने भरलेला ट्रक होता," ती म्हणाली. "धूळ म्हणजे किती धूळ."

"मग?" चौघे एकदम म्हणाले.

"मग काय, काचेतून काही दिसेना. मी ते बटण दाबलं, आणि पाणी असं काचभर उडालं. तीन वर्षं त्यातून थेंब आला नव्हता. काच एकदम लख्ख. मी दिवसभरात चार-पाचदा दाबून बघितलं."

सुपरचार्जरला जागा करताना काच धुण्याच्या पाण्याची जुनी बाटली काढावी लागली होती, आणि खोक्यात आलेली नवी बाटली दुसरीकडे बसवली होती. अख्ख्या कामातलं ते सगळ्यात किरकोळ काम. वेंडेलने ते कुणाला सांगितलंही नव्हतं.

"आणि इंजिन?" त्याने विचारलं. "इंजिन कसं वाटलं?"

मार्लिसने प्रामाणिकपणे विचार केला. "बरं आहे की. आधीही बरंच होतं." आणि पिशवी उचलून ती आत गेली.

चौघे बराच वेळ मिटलेल्या बॉनेटकडे बघत उभे राहिले. शेवटी ऑरिन खाकरला.

"वेंडेल, पुढच्या शनिवारी माझ्या बायकोच्या गाडीचंही बघशील का? पंखा नको. नुसतं पाणी."