डाव्या टायरची बाहेरची कड

म्हादूतात्या आधी टायरला हात लावायचे आणि मग माणसाला नमस्कार करायचे. कुणाचीही जीप समोर उभी दिसली की ते वाकून तिच्या चाकाच्या नक्षीवरून, म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा पंजा फिरवायचे आणि डोळे मिटून निकाल द्यायचे. "मधी झिजलाय. हवा जास्त हाय." दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी. नक्षी करवतीसारखी हाताला लागली तर, "चाक वाकडं चालतंय, मालकागत."

माणसांनाही हाच हिशेब. एका हेडमास्तरांचं तासभर भाषण ऐकून तात्या माझ्या कानात म्हणाले होते, "हवा जास्त. मधीच झिजणार ह्यो." आमच्या मोठ्या साहेबांचा अबोल मेव्हणा घरी आला तेव्हा त्यांना त्याची दया आली होती. "हवाच नाय भरली बिचाऱ्यात कुणी."

सत्तरच्या आसपासची गोष्ट. मी बांधबंदिस्तीच्या कामावर ओव्हरसीअर होतो आणि तात्या आमच्या खात्याच्या जीपचे ड्रायव्हर. कर्जत आणि खालापूर हे दोन्ही तालुके आम्ही त्या जीपमधून पालथे घातले. रस्ते कमी, गोटे जास्त. टायर झिजणारच. पण आमच्या जीपचा पुढचा डावा टायर तेवढा वेगळाच झिजायचा. त्याची फक्त बाहेरची कड जायची, चाकूने तासल्यासारखी. बाकीचे तीन ठणठणीत. नवा टायर घातला तरी काही महिन्यांत त्याचीही तीच गत.

सगळ्यांच्या चाकांचं निदान करणारे तात्या या टायरबद्दल मात्र दर आठवड्याला नवं कारण सांगत. कधी रबर कच्चं, कधी रस्त्याला डावीकडं उतार, कधी दगडच इकडचे वाईट. शेवटी मोठ्या साहेबांनी बजावलं, "हा नवा टायर दिवाळीपर्यंत टिकला नाही, तर तात्यांना जीपवरून काढून गोडाऊनवर बसवीन."  साहेबांच्या खोलीतून बाहेर आल्या आल्या तात्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"साहेब, राग नका मानू. डाव्या बाजूला तुमी बसता."

मी मुळातच सगळं स्वतःला लावून घेणारा माणूस. ऑफिसातलं घड्याळ बंद पडलं तरी मला वाटतं, आपणच त्याच्याकडे फार वेळा पाहिलं असेल. त्या दिवसापासून मी दुपारचा डबा अर्धा केला. मग तोही सोडला. भिसेगावच्या आमच्या घरात बायको काळजीत पडली. तिला काय सांगणार, की एका माणसाची नोकरी माझ्या पोटावर उभी आहे?

मधे एकदा आम्ही शिळफाट्याला गणपत टायरवाल्याकडे गेलो. त्याने दोरी धरून पुढची दोन्ही चाकं तपासली. सरळ होती. मग तो टायरची कड चाचपून हसायला लागला. "तात्या, गाडी घाण्याला जुपता काय हो? उजवीकडं वळलं की सगळा भार ह्या चाकाच्या बाहेरच्या कडंवर येतो. ही गाडी कुठंतरी सारखी गोल फिरतीय."

"तू पंक्चर काढ," तात्या कडाडले. "शास्त्र नको सांगू."

मी गणपतकडे लक्ष दिलं नाही. माझ्या मनात माझं वजनच होतं.

आता माझ्या झोपेबद्दल सांगायला हवं. नेरळकडची कामं आटोपून कर्जतला परतताना मला जीपमध्ये हटकून डुलकी लागायची आणि डुलकीत रोज एकच स्वप्न पडायचं. मी एका मोठ्या, उथळ वाडग्यात बसलो आहे आणि वाडगं सावकाश फिरतंय. मिटल्या पापण्यांवरून ऊन जातंय, सावली जातेय, पुन्हा ऊन. पेंढ्याचा गोड, कोरडा वास. माथेरानचा डोंगर येतो, निघून जातो, परत येतो. आणि एका बाईचा आवाज जवळ येतो, विरतो, पुन्हा जवळ येतो. शब्द कळत नाहीत. मला वाटायचं, आपलीच काही अपुरी राहिलेली कामं आपल्याभोवती फेर धरताहेत. जाग यायची तेव्हा जीप सरळ रस्त्याला असायची.

डबा सोडल्यावर एका दुपारी भुकेने झोपच लागली नाही. डोळे मिटून पडून होतो. पोशीरपाशी जीप रस्ता सोडून आत वळली आणि माझं स्वप्न जागेपणी सुरू झालं. ऊन, सावली, ऊन. मी एक डोळा किलकिला केला.

आम्ही एका घरापुढच्या खळ्याभोवती फिरत होतो. खाली कातळासारखा टणक मुरूम. खळ्याच्या मध्यावर तिवडा, म्हणजे मळणीच्या वेळी बैल ज्याच्याभोवती फिरतात तो खांब. त्याला धरून एक तरुण बाई उभी होती आणि तात्यांच्या बाजूला तोंड राहावं म्हणून जीपबरोबर तीही जागच्या जागी फिरत होती.

"जेवलीस का गं सुमे?" तात्या म्हणाले. जीप पेंढ्याच्या गंजीमागे गेली आणि फिरून आली.

"जेवले, बाबा. तुमी?"

आणखी एक फेरी.

"नेरळला वडा खाल्ला."

फेरी.

"सारखा वडा नका खाऊ."

फेरी.

"बरं."

त्या एका 'बरं'साठी तात्यांनी सरकारी टायरची अख्खी फेरी खर्च केली होती.

रस्त्याला लागल्यावर मी डोळे उघडले. मी सगळं पाहिलंय हे तात्यांना कळलं आणि त्यांनी सांगून टाकलं. सुमन त्यांची एकुलती एक मुलगी. लग्नानंतर तिच्या सासरी, त्या खळ्याच्या घरी, सत्यनारायण होता. तात्या ड्यूटीवरून तसेच खाकी कपड्यांत गेले. जावयाच्या काकांनी त्यांना ओळखलं नाही. "ड्रायव्हर, तू मागच्या पडवीत बस, ताट धाडतो." तात्या तिथेच ओरडले, "ह्या दारात पुन्ना गाडी थांबवणार नाय!" काकांनी पुढे दोनदा घरी येऊन माफी मागितली. पण शब्द तो शब्द. गाडी थांबली नाही. फिरत राहिली.

"तात्या, मग निदान एक दिवसाआड उलटं तरी फिरा. दुसऱ्या चाकाचीही कड झिजेल, साहेबांना संशय येणार नाही."

"बघितलं करून. उलटं फिरलं की मधी तुमी येता, साहेब. पोरगी दिसत नाय."

"मी मागे बसतो."

"तरी लांब पडती," तात्या म्हणाले. मग गिअर बदलत, "गोडाऊनवर बसवलं तर मंग हितं कशानं येऊ?"

त्या रात्री मी पोटभर जेवलो आणि तरीही मला झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी जीप पुन्हा खळ्याभोवती फिरू लागली. खोटं बोलायला मला जमत नाही. पण पाच-सहा फेऱ्या उघड्या डोळ्यांनी घेतल्यावर मळमळ खरीच होत होती.

"तात्या, थांबवा. ओकारी येतेय."

"हितं?"

"इथंच. मी थांबवायला सांगतोय. तुम्ही थांबवत नाही आहात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग ब्रेक लागला, इंजिन बंद झालं, आणि इतकी शांतता पसरली की गंजीवरची पाखरंही दचकल्यासारखी गप्प झाली. मी उतरून गंजीमागे गेलो. माझी ती मळमळ पुढे वर्षानुवर्षं टिकली आणि टायरची तक्रार मोठ्या साहेबांपर्यंत पुन्हा कधी गेली नाही, हे इथेच सांगून टाकतो.

गंजीआडून मला जीप दिसत होती. तात्या उतरले नाहीत. दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट, नजर समोर. सुमन तिवडा सोडून चालत आली आणि त्यांच्या बाजूला उभी राहिली.

"जेवलीस का गं?" तात्यांनी विचारलं.

"जेवले."

उत्तर लगेच आलं आणि म्हातारा गोंधळला. एरवी पुढचं वाक्य जुळवायला एक फेरी मिळायची. आता ती हाताच्या अंतरावर उभी होती.  त्यांनी स्टिअरिंग थोडं उजवीकडे वळवलं, थांबलेल्या गाडीतच.

सुमनने त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"सावकाश बोला, बाबा. मी हाय हितंच."