लट्टूचे यजमान

अध्यक्षसाहेब, तुम्ही एक चालतं घर मोडलंत, आणि वर मंडळाच्या सभेत सांगता की मोडली ती फक्त एक कठपुतळी! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं सगळं मी ट्रकाखाली आडवा पडून, तेलकट बोटांनी पुस्तकांची पानं उलटत शिकलो. त्यामुळं गोड बोलायचं तेवढं शिकायचं राहून गेलं.

वाचकहो, तुम्ही तिथं नव्हता, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

मी सर्जेराव, मूळचा सातारचा, जयपूरच्या छावणीत फौजेच्या गाड्या दुरुस्त करणारा हवालदार. जयपुरात आम्ही मराठी माणसं म्हणजे हंडाभर आमटीत दोन कोकमं! मोजकीच, पण सगळी आमटी आंबट करून सोडणारी. कुणी बँकेत, कुणी विम्यात, कुणी फौजेत. मराठी मंडळाच्या गणपतीत सगळे गोळा व्हायचे, एकमेकांची उणीदुणी काढायचे आणि ताजेतवाने होऊन घरी जायचे.

मांडवात दरसाल छीतर भाट कठपुतळ्यांचा खेळ करायचा. खाट उभी केली, तिला पडदा बांधला, की झालं थेटर! त्याच्या सगळ्या बाहुल्यांत आमच्या पोरांचा जीव दोघांवर, मूंछसिंग आणि लट्टू. मूंछसिंग ठाकूर होता. आधी त्याच्या मिशा यायच्या, मग तो यायचा. लट्टू हा त्याचा गाणारा भाट. दोघं एका तंबूत राहायचे, एका ताटात जेवायचे, भांडायचे, रुसायचे. मग लट्टू आपला घोळदार झगा गरगर फिरवत नाचायचा आणि मूंछसिंगाच्या रागाचं पाणी व्हायचं.

आमच्या मंडळातही असेच दोघं होते. श्रीपाद विम्याच्या कचेरीत, उमाकांत बँकेत. तिलक नगरात दोन खोल्या घेऊन कित्येक वर्षं एकत्र राहत होते. श्रीपाद मंडळाचे पडदे रंगवायचा, उमाकांत आरतीला सूर धरायचा. श्रीपादला पित्ताचा त्रास, म्हणून उमाकांत सगळा स्वयंपाक बिनमिरचीचा करायचा आणि स्वतः खिशात हिरवी मिरची घेऊन हिंडायचा. बायका त्यांना रामलक्ष्मण म्हणायच्या. कुणी काही विचारत नव्हतं, ते काही सांगत नव्हते. सगळं सुरळीत चाललं होतं. म्हणजे अध्यक्षसाहेबांना काहीतरी करणं भागच होतं!

एकसष्ट सालच्या गणपतीआधी साहेबांनी टेबलावर मूठ आपटली. "आपली मुलं मराठीत 'मतलब' घालतात! आईला 'मम्मीजी' म्हणतात! यंदा कठपुतळीसुद्धा मराठीच बोलेल!"

"ते माझ्यावर सोडा," मी म्हणालो. "ट्रकाचं इंजिन काय बोलतं ते मला कळतं, तिथं लाकडाच्या बाहुलीची काय कथा!"

बेत असा ठरला. छीतर तोंडात बांबूची पिपाणी धरून चीं-चीं करणार. त्याची बायको गुलाबी ढोलकी वाजवता वाजवता त्या चीं-चींचं मारवाडी करणार. आणि मी भोंग्यातून त्या मारवाडीचं मराठी करणार.

तालमीतच माशी शिंकली. लट्टू मूंछसिंगला 'जजमान' म्हणायचा. भाट लोक आपल्या पोशिंद्याला तसंच म्हणतात. मी भोंग्यातून "जजमान!" ओरडलो, आणि साहेब खुर्चीतून ताडकन उठले.

"सर्जेराव! जजमान हा अपभ्रंश आहे! शुद्ध शब्द यजमान!"

"पण साहेब, आपल्या बायका यजमान कुणाला म्हणतात, ते..."

"तुम्ही चौथी, मी एम. ए.! यजमानच म्हणा!"

फौजेत हुकूम म्हणजे हुकूम. म्हणालो यजमान!

खेळाच्या दिवशी मांडव गच्च भरला. लट्टू नाचत आला, मूंछसिंगपुढं झुकला. ढोलकी थांबली. मी भोंगा उचलला.

"यजमान, जेवायला चला! तुमच्याविना माझ्या घशाखाली घास उतरत नाही!"

पुढच्या रांगेतल्या बायकांनी एकमेकींकडं पाहिलं.

"यजमान, पागोटं न बांधता उन्हात कुठं निघालात? डोकं दुखेल ना!"

एकीनं पदर तोंडात कोंबला. दुसरीला ठसका लागला. आणि सगळ्यांत पुढं, वेताच्या खुर्चीत, साहेबांच्या मातोश्री इंदुबाई बसल्या होत्या. कान अधू, आवाज मात्र तोफेचा. त्यांनी सुनेला विचारलं, ते शेजारच्या गल्लीतही ऐकू गेलं असेल.

"म्हणजे हे दोघं नवराबायको का गं?"

"नाही हो सासूबाई, दोघंही पुरुष आहेत!"

"असू देत! संसार तर किती छान करताहेत! आमच्या घरात मला असं कुणी जेवायला बोलावलं नाही कधी!"

मांडव हसून हसून आडवा झाला. श्रीपाद आणि उमाकांतही हसले. मला तेवढं नक्की आठवतं, कारण त्यानंतर त्यांना एकत्र हसताना मी पाहिलं नाही.

दुसऱ्याच दिवशी दुधाच्या दुकानात विलासनं उमाकांतच्या पाठीवर थाप मारली. हा विलास मंडळाचा सजावटमंत्री, जिभेला हाड नसलेला. "काय उमाकांत, आज एकटेच? यजमान कुठायत?" उमाकांत हसला. संध्याकाळी आणखी कुणी विचारलं, तेव्हा थोडं कमी हसला. मग बायका विचारायला लागल्या, मग बँकेतले लोक. थट्टा ही गोचिडीसारखी असते. चिकटते तेव्हा कळत नाही, आणि फुगते ती आपल्याच रक्तावर.

इकडं कार्यकारिणीची तातडीची सभा बसली. विषय: लट्टू स्त्री की पुरुष! देशापुढं दुसरे प्रश्न नव्हतेच. छीतरला बोलावणं गेलं. तो दोन्ही बाहुल्या काखेत मारून आला.

"ह्याचा सोक्षमोक्ष झालाच पाहिजे!" असं म्हणत साहेबांनी, एम. ए. झालेल्या माणसानं, सगळ्यांसमक्ष लट्टूचा झगा वर केला.

आत काहीच नव्हतं. कठपुतळीला पायच नसतात, तर बाकीचं कुठून असणार! कंबरेखाली नुसत्या चिंध्या.

"हे काय?" साहेब ओरडले.

"साब, सगळ्या अशाच असतात," छीतर जांभई देत म्हणाला. "मरद कहो तो मरद, लुगाई कहो तो लुगाई. चाय कब मिलेगी?"

साहेबांनी मग मूंछसिंगचाही झगा वर केला. तिथंही चिंध्याच! जयपूरचा एवढा मोठा ठाकूर, पण सभेपुढं त्याची अब्रू राहिली नाही.

"लट्टूची बाई करा!" साहेबांनी निकाल दिला. "दोघांचं रीतसर लग्न लावा, मांडवात, सगळ्यांदेखत. मंडळात संशयाला जागा नको!" हे बोलताना ते लट्टूकडं पाहत नव्हते. कोपऱ्यात श्रीपाद आणि उमाकांत एका सतरंजीवर बसले होते, तिकडं पाहत होते. उमाकांत उठला आणि दुसऱ्या सतरंजीवर जाऊन बसला.

घरी मी माझ्या बायकोला, तारामतीला, सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. "बाहुलीला नेसवतील हो लुगडं," ती म्हणाली, "पण ह्या दोघांचं काय करणार आहेत?" मी म्हणालो, त्यांचा काय संबंध? ती म्हणाली, "इंजिनाची भाषा कळते म्हणे!"

लग्नाची तयारी दणक्यात झाली. लट्टूची बारीक मिशी पॉलिशपेपरनं घासून काढली. खणाचं लुगडं नेसवलं. नाकात तारेची नथ घातली, नथ कसली, गळच तो! मंगलाष्टकं उमाकांतनं म्हणायची, अंतरपाट श्रीपादनं धरायचा, असा साहेबांचा हुकूम. "तुम्हीच धरा," साहेब म्हणाले, "म्हणजे लोकांची तोंडं बंद होतील."

उमाकांतनं सूर लावला. काय आवाज होता त्याचा! श्रीपाद धुतलेला रुमाल धरून उभा, नजर जमिनीकडं. अंतरपाट दूर झाला, छीतरनं दोऱ्या ओढल्या, वधूवर एकमेकांकडं झेपावले आणि लट्टीबाईंची नथ मूंछसिंगच्या मिशीत अडकली!

छीतरनं डावी दोरी ओढली. सुटेना. उजवी ओढली. सुटेना. मग त्यानं दोन्ही हातांनी हिसका दिला, आणि डिंकानं चिकटवलेली ती बकरीच्या केसांची अख्खी मिशी उपटून नवरीच्या नाकाखाली जाऊन बसली! नवरा गुळगुळीत, नवरी झुपकेदार! गुलाबी ढोलकी सोडून जमिनीवर लोळायला लागली. इंदुबाईंनी मूठभर अक्षता फेकल्या. "हा बघा आमचा लट्टू! लुगडं नेसवलं म्हणून काय मी ओळखणार नाही?"

मांडव कोसळायचाच बाकी होता. आणि त्या हसण्यात मागून विलास ओरडला, "अहो, लाकडाची काय लग्नं लावता? खरी जोडी पडद्याबाहेर उभी आहे!"

हसणं थांबलं नाही. तेच हसणं पुढं चालू राहिलं, फक्त त्याचं तोंड वळलं. उमाकांत "शुभमंगल" म्हणाला. "सावधान" म्हणायचं राहूनच गेलं. श्रीपादनं रुमालाची घडी केली. उगाचच. पुन्हा उलगडली, पुन्हा घडी केली.

साहेब उठले. मला वाटलं, विलासला झापतील. ते उमाकांतला म्हणाले, "असले प्रकार मंडळात चालणार नाहीत!"

कसले प्रकार, साहेब? माणूस मंगलाष्टकं म्हणत होता!

त्याच आठवड्यात तुम्ही तिलक नगरात जाऊन त्यांच्या घरमालकाशी बोललात. "बायकामुलांचं मंडळ आहे, दोघांपैकी एकानं तरी लग्न करावं, नाहीतर खोली सोडावी." घरमालकानं ते दोघांना जसंच्या तसं ऐकवलं. उमाकांतनं नागपूरची बदली मागून घेतली. स्टेशनावर मीच त्याचा बिछाना गाडीत चढवला. श्रीपादनं त्याच्या हातात डबा दिला. "भाजीत मिरची घातली आहे," म्हणाला.

लट्टू पुन्हा दिसला नाही. हिसक्यानं त्याची मान तुटली होती. छीतर म्हणाला, नवा करीन, पण केला नाही. बासष्टच्या गणपतीत मूंछसिंग एकटाच आला. नव्या मिशा लावून इकडून तिकडं फिरला, चीं-चीं केलं. पोरं ओरडली, "लट्टू कुठाय?" गुलाबी नुसती ढोलकी वाजवत राहिली. मी भोंगा खाली ठेवला. मराठी करण्यासारखं काही नव्हतं.

खेळ संपला. श्रीपाद पडदे गुंडाळत होता. इंदुबाईंनी त्याला हाताशी ओढलं, आणि आपल्या त्या तोफेच्या आवाजात, मनात काडीचंही वाईट न आणता विचारलं, "का रे श्रीपाद, एकटाच? तुझे यजमान कुठं आहेत?"

सगळ्यांच्या माना श्रीपादकडं वळल्या. विलासचीसुद्धा.

श्रीपाद त्यांच्या कानाशी वाकला. आपण हळू बोलतोय असं त्याला वाटलं असावं. पण अधू कानाला ऐकू जायचं तर सगळ्यांनाच ऐकू जातं.

"नागपूरला आहेत, आजी."

"मग बोलाव की! त्याच्याविना तुझ्या घशाखाली घास उतरतो का?"

"नाही उतरत," श्रीपाद म्हणाला, आणि पडदे खांद्यावर टाकून निघून गेला.

अध्यक्षसाहेब, तुम्ही तिथंच होता. पहिल्या रांगेत, आईशेजारी. तुम्ही चष्मा काढून पुसत बसलात. यजमान हा शब्द माझा नव्हे, छीतरचा नव्हे; मांडवात आणला तुम्ही, आणि शुद्ध आहे म्हणून आणलात. मी चौथी, तुम्ही एम. ए., म्हणून विचारतो. श्रीपादच्या घरी तो अशुद्ध कसा झाला? सांगा. भोंगा हातात घेऊन उभा आहे.