कुमुद नामे लहर बंद जाहली त्याची हकीकत

श्री. ज्याच्या इच्छेने शब्द तारेवाचून समुद्रापार जातो आणि दूरचे मनुष्य तळहाती दिसते, त्यास आधी नमस्कार. आणि इतके करून ज्याने गेलेल्या मनुष्याकडे एकही वाट खुली ठेविली नाही, त्यासही नमस्कारच, रागावून तरी कोणाकडे जावे? शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, पौषमासापासोन फाल्गुनापर्यंत एका राज्यात जे वर्तमान घडले ते जैसे ऐकिले तैसे लिहितो. राज्याचे नाव विचारू नये. डोंगराच्या कुशीस चार मजल्यांची इमारत, तिचा तिसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि गॅलरीत कोरफडीच्या दोन कुंड्या, इतकाच मुलूख. राजे मुकुंदराव, उमर बहात्तर, पाटबंधारे खात्यात चाकरी करून निवृत्त जाहलेले. राणी कुमुदिनीबाई, उमर अडुसष्ट. आणि कन्या एक, रेवती, ती लग्न होऊन सातासमुद्रापार नांदावयास गेलेली. डोंगराच्या आडोशाने मोबाइलची रेंज राज्यात शिरत नसे. जिन्याच्या दुसऱ्या वळणावर भिंतीस कान लावून उभे राहावे तर अर्धा शब्द यावा आणि अर्धा डोंगराने खावा. मग कन्येने हट्ट धरून राउटर म्हणोन काळी पेटी घरात बसवून घेतली, ती शिवणयंत्राच्या झाकणावर विराजमान जाहली, आणि तिजमधून वायफाय निघो लागले. जग त्यास वायफाय म्हणे, मुकुंदराव लहर म्हणत. लहरीस नाव द्यावे लागते ऐसे कळले, तेव्हां राजांनी पळभर विचार न करिता "कुमुद" ऐसे लिहविले. राणीसाहेब लाजून लाल जाहल्या आणि बोलल्या, "अहो, सगळ्या इमारतीच्या मोबाइलात माझं नाव दिसणार! काही जनाची लाज?" राजे बोलिले, "दिसू दे की. घरात कोण आहे ते कळू दे लोकांना." त्या दिवसापासोन रोज सायंकाळी पाच वाजता कन्या तळहाती दिसो लागली, आणि भाजी काय केली येथपासोन भांडण कोणते जाहले येथपर्यंत सर्व दरबार तिजसमोर भरू लागला.

या राज्याचा एक शिरस्ता होता, तो ध्यानी ठेवावा, पुढील सर्व प्रसंग त्याजवर आहे. उभयतां बाहेर निघाली म्हणजे राजे उंबऱ्यात उभे राहोन एकेक नाव पुकारीत आणि राणीने आतून जबाब द्यावा. "गॅस!" "बंद!" "नळ!" "बंद!" "गिझर!" "बंद!" "समई!" "शांत!" देवापुढील दिव्यास बंद म्हणो नये, म्हणोन शांत. आणि सर्वांचे शेवटी राणीने उलट विचारावे, "लहर?" मग राजांनी छाती काढून बोलावे, "बंद!" कारण लहरीचा खटका राजांनी आपले हाती ठेविला होता. घरात कोणी नसता पेटीने कोणासाठी राबावे, तिलाही विसावा पाहिजे, ऐसे त्यांचे म्हणणे. खटका पेटीचे पाठीस, भिंतीकडील अंगास, नखाएवढा, काळ्यावर काळा. तो वारंवार सापडेना, तेव्हां खंडेनवमीस विळी, कात्री, पाना, शिवणयंत्र यांची पूजा चालली असता राजांनी पेटीसही पूजेत बसविले आणि कुंकवाचे बोट नेमके खटक्यावर टेकविले, आणि बोलिले, "पूजाही झाली, खूणही झाली." राणीसाहेबांस हसू आवरेना. कन्या लहान होती तेव्हां चपलांच्या कपाटावर चढोन बापाच्या आवाजात हाच पुकारा करी, आणि आई स्वयंपाकघरातून खरोखरीच जबाब देई, मग दोघी पोट धरून हसत. ऐसे ते राज्य होते. फार मोठे नव्हते, परंतु सुखी होते.

पौष शुद्ध सप्तमीस प्रातःकाळी मुकुंदरावांच्या छातीत जड वाटो लागले. स्वतः चालत निघाले, कोणी धरू नये ऐसा हट्ट. दारात येऊन सवयीने पुकारिले, "गॅस!" राणीसाहेब पिशवी, कागद, पाण्याची बाटली यांत गुंतलेल्या, त्या ओरडल्या, "अहो पुरे ते आता! खाली रिक्षा उभी आहे, जिवाशी गाठ आहे आणि तुम्हाला गॅस सुचतोय!"  राजे माघारे वळोन आत गेले, बाईंस वाटले चष्मा घ्यावयास गेले. बाहेर आले, उंबऱ्यात थांबले, आणि बाईंच्या मुखाकडे पाहोन काही वाट पाहो लागले. बाईंनी काही विचारिले नाही. कुलूप लाविले आणि हातास धरून जिना उतरविला. चार दिवस इस्पितळात गेले, आणि पाचवे दिवशी दुपारी मुकुंदरावांस देवाज्ञा जाहली. राज्य बुडाले.

रेवतीस आठवा महिना नुकता लागत होता, विमानात बसावयाची डॉक्टरांची मनाई, म्हणोन तिजला येता आले नाही. बापाचे मुखही पाहिले नाही. ठरले ऐसे की तेराव्यास तरी तिने पडद्यावरून सर्व पाहावे. परंतु त्या दिवशी मोबाइल उघडोन पाहातात तो कुमुद नामे लहर यादीत नाही. वरच्या मजल्याची लहर आहे, खालच्या डॉक्टरांची आहे, आणि आपली नाही. पाहुणे जमलेले, भटजी थांबलेले, शेवटी जिन्यात जाऊन कन्येस सांगितले की होत नाही गं, राहू दे. पलीकडे जे रडणे जाहले ते डोंगरानेही अडविले नाही, पुरतेपुरते ऐकू आले. मग दीड महिना राणीचा दरबार जिन्यात भरू लागला. रोज सायंकाळी सतरंजीचा तुकडा घेऊन वळणावर बसावे आणि तुटका शब्द वेचावा. कन्या रोज एकच मागणे मागे, "आई, मला एकदा बाबांची खुर्ची दाखव. एकदाच. मला खरंच वाटत नाही गं ते गेले. मला वाटतं ते आत पेपर वाचतायत आणि तू मला देत नाहीयेस."  एकदा कन्येने पुसिले, "पेटीचे दिवे लागलेत का?" बाई बोलल्या, "चारही हिरवे लागलेत गं, डोळे मिटत नाहीत मेले." दिवे पाच असतात हे कोणास ठाऊक! ज्यास ठाऊक होते ते भिंतीवर हार घालून बसले होते.

राणीचे दीर विनायकराव, निवृत्त हेडमास्तर, बहुत मायाळू आणि तितकेच आगाऊ, त्यांनी फाल्गुन शुद्ध पंचमीस पेटीवर मोहीम केली. चष्मा कपाळी चढवून वेढा घातला. तार उपटली आणि खोचली, पुन्हा उपटली आणि पुन्हा खोचली, पेटीस दोन चापट्या दिधल्या, हेडमास्तरांचा तो जुना रामबाण, तरी पेटी बधेना. मग जिन्यात जाऊन कंपनीस फोन लाविला, तेथे घटकाभर नुसती वाजंत्री ऐकिली, त्याउपरी एक मनुष्य बोलिला की पाठीस बारीक भोक आहे, त्यात पिन टोचून दहा अंक मोजावे. विनायकराव विजयी मुद्रेने वर आले आणि बोलले, "वहिनी, पिन आहे?" राणीसाहेबांनी पदराची पिन काढून दिली आणि पुसिले, "यानं काय होईल हो भाऊजी?" ते बोलले, "सगळं पुसलं जाईल. पेटी कोरी करकरीत. मग नवीन नाव घालायचं, नवीन पासवर्ड, की झालं." बाई बोलल्या, "नाव जाईल?" "जाणारच. त्यात काय, दुसरं घालू. हवं तर माझं घाला, मला काही लाज नाही." ते आपले हसवावयास बोलले, परंतु बाईंनी त्यांचे हातची पिन काढून घेतली आणि मुठीत आवळिली, आणि बोलल्या, "राहू द्या. नावाला हात लावायचा नाही." विनायकराव हळू आवाजात बोलले, "वहिनी, दादानं हौसेनं घातलेलं नाव आहे, मला कळत नाही का? पण तिकडे पोर झुरतेय. नाव मोठं की लेक मोठी, तुम्हीच सांगा."  दीर निघाले आणि बोलले, "उद्या चारला येतो. मन घट्ट करून ठेवा."

त्या दिवशी राणीसाहेब जेवल्या नाहीत. मोबाइल उघडोन लहरींची यादी पाहात बसल्या, जेथे आपले नाव नाही तेथेच पाहात. चित्ती बोलत की मला मुकुंदरावांनी आयुष्यात कुमुद म्हणोन चारचौघांत कधी हाक मारिली नाही, अगं आणि ऐकलंस का यांत त्रेचाळीस वर्षे गेली, आणि एकदा नाव घेतले ते या पेटीत घेतले, आणि आता तेही आपल्याच हातांनी पुसावे. मग दुसरे दिवशी दुपारी मन घट्ट केले. लेक ती लेक. पोटातले मूल वाढविते आहे आणि बापासाठी झुरते आहे, तिजपुढे नावाचे काय? पिन शिवणयंत्रावर काढून ठेविली. दीर यावयाचे तर चहास दूध नाही ऐसे स्मरले, म्हणोन पिशवी घेतली आणि दाराशी आल्या. मुकुंदराव गेल्यापासोन बाई एकट्या ऐशा प्रथमच इमारतीबाहेर निघत होत्या, आजवर कोणी ना कोणी सोबतीस असे. उंबऱ्यात पाय ठेविला आणि पाय अडला. रिकाम्या घराकडे पाहोन त्याच बोलल्या, "गॅस." आणि त्याच बोलल्या, "बंद." "नळ. बंद. गिझर. बंद. समई. शांत." आणि मग जन्माची सवय, जीभ काही पुसून बोलत नाही, तोंडातून निघोन गेले, "लहर?"

कोणी बोलिले नाही. आणि त्या न बोलण्यात बाईंस सप्तमीची सकाळ जशीच्या तशी दिसो लागली. रिक्षा खाली उभी, आपण ओरडलो, ते आत गेले. चष्मा तर त्यांचे नाकावरच होता! आत कशास गेले होते? बाहेर येऊन कोणाची वाट पाहात होते? अगो बाई! "लहर?" ऐसे मी विचारावे म्हणोन उभे होते, आणि "बंद" हा शब्द तोंडात तयार ठेवून उभे होते, आणि मी विचारिले नाही. पिशवी हातातून पडली. बाई शिवणयंत्रापाशी गेल्या आणि पेटी अलगद वळविली. पाठीस, भिंतीकडील अंगास, खंडेनवमीचा तो कुंकवाचा ठिपका, सुकून तपकिरी जाहलेला, आणि त्याखाली खटका आत दाबलेला. त्या सकाळी पुकारा पुरा जाहलाच नव्हता, मग खटका दाबिला असेल हे कोणास सुचावे!

ऐकणारांस वाटेल की बाईंनी झटकन खटका दाबिला आणि फत्ते जाहली. तैसे घडले नाही. बाई तेथेच स्टुलावर बसल्या. या घरात राजांचे हातचे शेवटचे काम ते हे. छातीत कळ येत असता घर नीट मिटून गेले. दीड महिना सर्वांनी पेटीस बिघडली म्हटले, मेली म्हटले, चापट्या मारिल्या, आणि ती बिचारी धन्याच्या हुकमात बसोन होती. आता खटका उघडावा तर त्यांनी केलेले मोडावे, आणि न उघडावा तर लेकीने अंधारात राहावे. बाई फार रडल्या. मुकुंदराव गेल्यापासोन लोकांत रडल्या होत्या, एकट्या ऐशा आजच रडल्या. मग डोळे पुसोन, जैसे कोणी समोर उभे आहे ऐसे बोलल्या, "अहो, आता उघडते हं. रेवा वाट बघतेय." आणि ठिपक्यावर बोट ठेवून दाबिले. खटका वर आला. एक, दोन, तीन, चार हे होतेच, आणि घटकेत पाचवा दिवा लागला. यादीत सर्वांचे वर अक्षरे उमटली, कुमुद.

इतक्यात विनायकराव खिशात स्वतःची पिन घेऊन दाखल जाहले, आणि पाच दिवे पाहोन दारातच थबकले. "काय केलंत हो वहिनी?" बाई बोलल्या, "काही नाही. ह्यांनी जाताना बंद केलं होतं. मी उघडलं." हेडमास्तरांनी चष्मा काढिला आणि बराच वेळ पुशीत राहिले, काच स्वच्छच होती. चहा दुधावाचूनच जाहला.

पाच वाजता कन्या तळहाती दिसली. पोट पुढे, डोळे खोल गेलेले. बाईंनी मोबाइल खुर्चीसमोर धरिला. खुर्चीच्या पाठीवर मफलर, गादीस बसोन बसोन पडलेला खळगा, शेजारी सप्तमीचा पेपर घडी न मोडलेला. रेवतीने पाहिले. मग पुष्कळ वेळ पाहिले, आणि बोलली, "गेले गं आई. खरंच गेले." आणि मोकळी रडली. आईने रडू दिले. मग राणीसाहेबांनी सप्तमीची सर्व हकीकत सांगितली आणि शेवटी बोलल्या, "वाट बघत उभे होते गं. मी विचारलंच नाही. एवढं साधं, मी विचारलं नाही."  मग कन्येने बाहीस नाक पुसिले, पाठ ताठ केली, आणि बापाच्या आवाजात पुकारिले, "गॅस!"

बाई दचकल्या. मग बोलल्या, "बंद."

"नळ!"

"बंद."

"गिझर!"

"बंद."

"समई!"

"ती लागलीय गं आता, तुझ्या बाबांपुढे."

आता पुढची पाळी आईची. राणीसाहेबांनी खुर्चीकडे पाहिले आणि दोन महिने विचारावयाचा राहिलेला प्रश्न विचारिला, "लहर?"

रेवती बोलली, "चालू, आई. चालूच राहू दे."

येणेप्रमाणे लहर बंद जाहली आणि पुन्हा स्थापिली गेली. त्या दिवसापासोन बाहेर निघता लहर बंद करावयाचा शिरस्ता राज्यात मोडला, बाकी पुकारा चालू आहे. खंडेनवमीचे कुंकू पुसले नाही. चैत्री कन्येस कन्या जाहली, ती आजीने पडद्यावर पाहिली आणि खुर्चीसही दाखविली. गेले ते आले नाहीत. इतके वर्तमान खरे, अधिक लिहवत नाही.