उकळीरावांची पावडर

उकळीरावांनी उभं आयुष्य इस्पितळाच्या निर्जंतुकीकरण खोलीत काढलं होतं. कात्र्या, चिमटे, जे हाती येईल ते वाफेत घालायचं आणि जंतूंचा नायनाट करायचा. निवृत्तीनंतर हातांना चैन पडेना, म्हणून त्यांनी घरातले चमचे उकळले, टूथब्रश उकळले, आणि एकदा बायकोचा चष्माही. तेव्हापासून चष्म्याची एक काडी रुसल्यासारखी बाहेर वळलेली असे. पुढे बायकोने त्यांना परसातल्या सशांच्या कामाला जुंपलं, त्यात प्रेमापेक्षा चष्म्याची काळजी जास्त होती.

काम सोपं होतं, पिंजरे झाडायचे आणि पाणी भरायचं. पण नुकतंच आईचं दूध सुटलेल्या पिल्लांची पोटं बिघडली. मागची पिल्लं अशीच गेली होती. "हीही गेली तर मी पिंजरे विकून टाकणार," एवढंच बायको म्हणाली आणि पाठ फिरवून नाक पुसत राहिली. दुमडल्या कानाचं एक बारकं पिल्लू हल्ली उकळीरावांचं बोट चाटायचं, आणि ते बोट धुवायला ते विसरू लागले होते.

प्राण्यांची डॉक्टरीण घाईघाईत येऊन पावडरीचा डबा देऊन गेली. पोटाला लागणारे चांगले जिवाणू आणि चारा पचवणारी विकरं, रोज पाण्यातून पाजा म्हणाली.

उकळीरावांनी डब्यावरचं वाचलं, 'कोट्यवधी जिवंत जिवाणू', आणि त्यांना घाम फुटला. पोरगी हुशार खरी, पण कारखान्यातून एवढे जंतू सुटलेत हे बिचारीच्या नजरेतून निसटलं असणार. उगाच बायकोच्या जिवाला घोर नको, म्हणून त्यांनी पावडर पाण्यात कालवली आणि पातेलं गॅसवर चढवलं. खळखळून उकळ्या आणल्या, निववलं, फडक्यातून गाळलं, मग पाजलं.

पिल्लं जास्तच मलूल झाली. उकळीरावांनी पावडर वाढवली, उकळ्याही वाढवल्या. त्यातच एका सकाळी पिल्लं स्वतःच्या बुडाशी तोंड नेऊन मऊ लेंड्या गट्ट करताना त्यांना दिसली. ते तडक पुठ्ठा आणि कात्री शोधायला गेले. दुपारपर्यंत प्रत्येक पिल्लाच्या गळ्यात पुठ्ठ्याची चकती होती. हे काय, असं बायकोने विचारलं तेव्हा "शिस्त" म्हणून ते आत निघून गेले.

डॉक्टरीण पुन्हा आली, ती चकत्यांपाशीच थबकली.

"काका, हे कोणी केलं?"

"स्वतःचंच खातात हो. चारचौघांत सांगायची सोय नाही."

"खाऊ द्या की. त्यातूनच चांगले जिवाणू परत पोटात जातात. पावडर देताय ना?"

"एक दिवस चुकवला नाही," उकळीराव अभिमानाने म्हणाले. "रोज उकळून."

डॉक्टरीणबाईंनी पिंजऱ्याचा आधार घेतला. "काका, उकळल्यावर राहिलं काय त्यात? नुसती प्रेतं पाजलीत तुम्ही त्यांना."

बायको ओरडली नाही, याचीच उकळीरावांना भीती वाटली. तिने चष्मा काढला, वाकडी काडी बराच वेळ न्याहाळली आणि म्हणाली, "अहो, माझा चष्मा वाचला. या लेकरांचं तेवढं बघा."

चकत्या निघाल्या. उकळीराव आता पाणी कोमट करायचे आणि तान्ह्या बाळाचं दूध पाहावं तसा मनगटावर थेंब टाकून मगच पावडर घालायचे. बारकं पिल्लू आधी हललं, मग गवताला लागलं. एका सकाळी पिंजऱ्याखाली गोल, कोरड्या, टणक लेंड्या पडलेल्या दिसल्या. त्यातली एक तळहातावर घेऊन उकळीराव स्वयंपाकघरात धावले. "बघ, कशी मोत्यासारखी!" बायकोचे डोळे भरून आले. त्या आनंदात त्यांनी त्याच हाताने टोस्ट उचलून खाल्ला.

संध्याकाळपर्यंत त्यांनी अंथरूण धरलं. घरच्या डॉक्टरांनी पोट तपासून एक पुडी लिहून दिली. बायकोने तीवरचं बारीक अक्षर मोठ्याने वाचलं, 'जिवंत जिवाणू', ओठ दाबले आणि पेल्यात पाणी ओतलं. ती पुडी फोडणार, तोच अंथरुणातून क्षीण आवाज आला, "थांब."

उकळीरावांनी पेला हातात घेतला आणि मनगटावर एक थेंब टाकून पाहिला.

"गरम आहे गं," ते म्हणाले. "मरतील बिचारे."