बहात्तर किलोंचा माणूस

यंदा वळणावर स्कूटरचं नाक जमिनीला टेकणार नाही, हे वजनमापं खात्यातल्या त्या निरीक्षकानं रविवारच्या जेवणाला जमलेल्या सगळ्या सासरवाडीसमोर जाहीर केलं. आणि ज्या स्वरात तो दुकानदारांना 'तराजू जप्त' असं सांगत असे, नेमक्या त्याच स्वरात केलं.

"ब्रेक दाबला की पुढचं बुडतं, मागचं चाक हलकं होतं, नि गाडी शेपूट हलवायला लागते," तो म्हणाला. "याला लोक गाडीचा स्वभाव म्हणतात. स्वभाव कसला, मापात पाप आहे ते."

समोर त्याचा साडू बसला होता. जुन्या स्कूटरींच्या वार्षिक शर्यतीत सलग तीन वर्षं पहिला आलेला, आणि त्याबद्दल चकार शब्द न काढण्याइतका दुष्ट.

"गेल्या वर्षी तुम्ही टायरांच्या ढिगात शिरलात ना," साडू भाताचा घास घेत म्हणाला, "मला वाटलं, तपासणीला गेलात."

सगळे हसले. निरीक्षकाची बायको हसली नाही. साडूच्या पानात वाढता वाढता ती म्हणाली, "यंदा पडलात तर ती गाडी घरात राहणार नाही. भाऊजी केव्हाचे मागताहेत, त्यांना देऊन टाकायची. गुडघ्याला मलम चोळून माझे हात झिजले."

"पडलो तर दिली," निरीक्षक म्हणाला. दहा माणसांच्या देखत म्हणाला.

वास्तविक ती स्कूटर द्यायची म्हणजे त्याला स्वतःतला एक अवयव काढून द्यायचा होता. पंचवीस वर्षं त्यानं इतरांच्या काट्यांवर झुकून काढली होती. लोक त्याला पाहताच दुकानाचं हसू आवरून घेत. फक्त त्या जुन्या, शर्यतीसाठी बांधलेल्या, पत्र्याच्या पाठीच्या स्कूटरवर बसला की तो कुणाचाच निरीक्षक नसे. वारा त्याच्याकडे परवाना मागत नसे, आणि तोही वाऱ्याकडे.

गॅरेजच्या वस्तादानं पुढची बाजू उघडली. जुना, तेल गळणारा शॉक ॲब्सॉर्बर काढला, ड्रमच्या जागी डिस्क ब्रेक बसवला, ब्रेकचा झटका थेट स्प्रिंगवर जाऊ नये म्हणून एक आडवी दांडी जोडली. स्प्रिंग मात्र बाहेरगावच्या कारागिराकडून वळवून आणायची होती, आणि त्याला चालवणाऱ्याचं वजन हवं होतं.

"बहात्तर," निरीक्षक तत्काळ म्हणाला.

वस्तादानं त्याच्याकडे वरून खाली पाहिलं. मधे थोडा जास्त वेळ थांबला. "पंच्याऐंशीची घेऊ, साहेब. हाताशी थोडं जास्तीचं असलेलं बरं."

"जास्तीचं म्हणजेच खोटं. दोन वर्षांत बारा किलो उतरवलेत मी. रोज सकाळी काट्यावर उभा राहतो. आणि तो काटा मी स्वतः प्रमाणित केलेला आहे."

यातलं अक्षरन् अक्षर खरं होतं. रोज सकाळी तो न्हाणीघराबाहेर त्या काट्यावर उभा राही. घड्याळ काढून ठेवी. चष्म्यालाही वजन असतं म्हणून चष्मा काढून ठेवी. खाली वाकलं की काटा हलतो हे तो शास्त्र जाणून असल्यामुळे मान ताठ ठेवून समोरच्या भिंतीकडे पाही. वाकूनही उपयोग नव्हताच, मधे पोट येई. पायाशी पाटावर बसून बायको आकडा वाची. जगातली सगळी मापं निरीक्षक स्वतःच्या डोळ्यांनी घेत असे. हे एक सोडून.

स्प्रिंग आली. आता माणूस बसल्यावर पुढची बाजू किती दबते ते मोजायचं होतं.

"बसा, साहेब. मी पट्टी लावतो," वस्ताद म्हणाला.

"मी बसलो तर पट्टी कोण वाचणार?"

"मी वाचतो की."

"तुम्ही वाचाल हो. मी कुठं पाहणार?"

वस्तादानं पट्टी त्याच्या हातात दिली. निरीक्षकानं गॅरेजच्या लोखंडी काट्यावर बरोबर बहात्तर किलो वाळू मोजली, पोत्यांत भरली, पोती सीटवर दोरीनं आवळली. वाऱ्याचाही हिशेब चुकू नये म्हणून त्यांना आपलं जाकीट चढवलं आणि वर हेल्मेट ठेवलं. मग जमिनीवर आडवा होऊन त्यानं स्वतःच्या प्रतिनिधीची मोजणी सुरू केली. एका शनिवारी बायको चहाचा थर्मास घेऊन आली नि दारातच थांबली.

"हे कोण?"

"मी."

"बरं दिसताय. बोलतही नाही." मग तिनं जाकिटाचं बटण चाचपलं. ते सहज लागलं होतं. नवऱ्याच्या अंगावर ते दोन वर्षांत लागलेलं नव्हतं. "किती वाळू भरलीत?"

"बहात्तर. ग्रॅमचा फरक नाही."

तिनं तोंड उघडलं. थर्मासचं झाकण काढलं, पुन्हा लावलं. "चहा निवेल," म्हणाली आणि निघून गेली.

सरावाच्या दिवशी पोती उतरली आणि निरीक्षक चढला. पहिल्याच ब्रेकला स्कूटरनं असं नाक खुपसलं, जणू रस्त्यात तिचं काही हरवलं होतं. खट्ट! स्प्रिंग तळाला जाऊन आदळली.

"स्प्रिंग खोटी आहे," निरीक्षक उतरून म्हणाला.

"खोटं बोलायला तोंड लागतं, साहेब," वस्ताद म्हणाला. "स्प्रिंगला ते नसतं."

निरीक्षकानं कारागिराला खात्याच्या भाषेत, तीन कलमांची नोटीस धाडली. चौथ्या दिवशी कारागिराचा आलेख आला: स्प्रिंग बहात्तरला चोख. निरीक्षकानं पोती पुन्हा मोजली, चोख. गॅरेजचा काटा तपासला, चोख. शेवटी पट्टीवर पट्टी ठेवून पट्टी तपासली. सगळीकडून सत्य त्याला असं वेढून बसलं होतं, की बाहेर पडायला वाटच उरली नव्हती. वस्तादानं दाट तेल सुचवलं, जाड वॉशर सुचवला, अखेर हात जोडून पंच्याऐंशीची स्प्रिंग सुचवली.

"तुम्हाला माझ्या आकड्यावर शंका आहे?"

"आकड्यावर नाही, साहेब," वस्ताद हात पुसत म्हणाला. "मी आपला तुमच्याकडे बघून बोलतोय."

"मग बघू नका."

निरीक्षकानं पुन्हा पोती चढवली, आणि पोत्यांखाली स्कूटर इतकी आदर्श दबली की त्यानं सरावातल्या आदळण्याचं खापर रस्त्यावर फोडलं.

शर्यतीच्या दिवशी तो तिसऱ्या फेरीपर्यंत साडूच्या मागोमाग होता. कुंपणाला टेकून काही दुकानदार उभे होते. त्यांतल्या दोघांचे तराजू त्यानंच जप्त केले होते, आणि ते मन लावून पाहत होते. डाव्या वळणाच्या तोंडाशी त्यानं ब्रेक दाबला. नवा डिस्क ब्रेक एखाद्या नव्या जावयासारखा उत्साही होता, त्यानं जरुरीपेक्षा जास्त केलं. नाक गेलं, स्प्रिंग तळाला बसली, मागचं चाक उठलं, आणि निरीक्षक हवेतून, क्षणभर खरोखरच बिनवजनाचा होऊन, गेल्या वर्षीच्याच टायरांत जाऊन पोचला.

कुंपणावरून आवाज आला, "साहेब, वजन बरोबर भरलं का?"

खांद्याजवळचं गळपट्टीचं हाड मोडलं होतं. इस्पितळात भुलीचं औषध ठरवण्यासाठी नर्सनं त्याला काट्यावर उभं केलं. हा काटा डोळ्यांच्या उंचीचा होता. चष्मा त्याच्या नाकावर होता. एक हात गळ्यात बांधलेला आणि दुसऱ्याला सलाईन, म्हणून चष्मा काढता आला नव्हता.

"चौऱ्याऐंशी," नर्स म्हणाली.

"तुमचा काटा बिघडलाय. सील करावा लागेल."

"काका, आत्ताच या काट्यावर तीन पेशंट झालेत."

"माझी बॅग," त्यानं बायकोला फर्मावलं. बॅगेत खात्याची प्रमाणित वजनं सदैव असत. तिनं दहा किलोचं वजन ठेवलं, काट्यानं दहा दाखवले. वीस ठेवले, वीस दाखवले. तो मग एकटाच चढला, आणि काटा पुन्हा चौऱ्याऐंशीवर जाऊन, जुन्या ओळखीच्या माणसासारखा, शांत उभा राहिला.

त्यानं बायकोकडे पाहिलं. ती पिशवीच्या बंदाला गाठ मारत होती.

"केव्हापासून?"

"डॉक्टरांनी वजन कमी करा सांगितलं ना, तेव्हापासून. तुमचं जेवण अर्धं झालं आणि बोलणं पूर्ण बंद. एक दिवस मी एक किलो कमी सांगितला. संध्याकाळी तुम्ही माझ्याशी दोन वाक्यं बोललात." तिनं गाठ सोडली, पुन्हा मारली. "मग मलाच चटक लागली."

"आणि गॅरेजमध्ये? त्या दिवशी तरी सांगायचंस."

"सांगणारच होते. पण त्या पोत्यांना जाकीट बसलेलं पाहिलं, आणि वाटलं, हा माणूस दोन वर्षं आपणच तयार केलाय. एकदम कसा मोडायचा?"

नर्सनं कागदावर चौऱ्याऐंशी लिहिले. त्याखाली दोन रेघा मारल्या.

स्कूटर साडूकडे गेली. दहा माणसांच्या देखत दिलेला शब्द होता. त्यातले आठजण ती न्यायला आले. पुढच्या वर्षी निरीक्षक बायकोशेजारी पायऱ्यांवर बसून शर्यत पाहत होता. डाव्या वळणाच्या तोंडाशी साडूनं ब्रेक दाबला, आणि ती स्कूटर काठोकाठ भरलेली पाण्याची परात नेल्यासारखी समतोल, निःशब्द वळली. साडू पहिला आला. दुसऱ्यापेक्षा इतका पुढे, की दुसरा कुठल्या वर्षीच्या शर्यतीत होता ते कळेना.

खाली वस्ताद भेटला. निरीक्षकानं विचारलं, "काय काय बदललंत?"

"हवा भरली," वस्ताद म्हणाला, आणि दुसरीकडे बघू लागला.

"स्प्रिंग?"

"तीच. साडूसाहेबांना मी काट्यावर चढवून पाहिलं ना."

"किती?"

वस्तादानं आकडा सांगितला नाही. निरीक्षकालाही तो पुन्हा विचारवला नाही. दोन महिने जमिनीवर आडवं होऊन, पट्टीवर पट्टी ठेवून, नोटिसा धाडून त्यानं एका माणसासाठी निर्दोष गाडी घडवली होती. माणूस तेवढा दुसरा निघाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीप्रमाणे काट्यावर उभा राहिला. घड्याळ काढलं, चष्मा काढला, मान ताठ केली. बायको पायाशी पाटावर बसली. खाली वाकली, आणि पदरानं काट्याची काच पुसली.

"किती?" त्यानं विचारलं.

"खरं सांगू," ती म्हणाली, "की रोजचं?"

निरीक्षक समोरच्या भिंतीकडे पाहत राहिला. तिथे काहीच नव्हतं.

"रोजचं," तो म्हणाला.