नव्वद हजारांचा फ्लेक्स

अंबडच्या कारखान्यात बोल्ट तपासता तपासता योगेश गांगुर्डेच्या एके दिवशी लक्षात आलं, की आपलं मन बोल्टात रमत नाही. बोल्टांची काही तक्रार नव्हती. पगार बत्तीस हजार, कँटीनचं जेवण बरं. पण योगेश सत्तावीस वर्षांचा होता, आणि मोबाइलवर रोज कुणीतरी गोरागोमटा इसम 'तुमचा जन्म कशासाठी झालाय?' असं त्याला दरडावून विचारत होता. असल्या प्रश्नाला 'बोल्टांसाठी' असं उत्तर काही देववत नाही.

म्हणून पोट बिघडल्याची रजा टाकून तो गंगापूर रोडला 'अंतरानंद' नावाच्या कंपनीत मुलाखतीला गेला. पद चीफ हॅपिनेस ऑफिसर, पगार नव्वद हजार. काम काय, ते जाहिरातीत नव्हतं. मुलाखत घेणाऱ्यांनाही ते ठाऊक असावं असं दिसलं नाही. बीन बॅगमध्ये रुतून बसलेल्या वैष्णवी मॅडमनी त्याला आनंदाचा रंग विचारला. योगेश 'पोपटी' म्हणाला आणि पहिली फेरी पास झाला. दुसरी फेरी पुढच्या मंगळवारी होती.

त्यानं लगेच चांदवडला वडिलांना फोन लावला.

"आबा, पहिल्या फेरीत निवड झाली. अजून एक फेरी बाकी हे. कुणाला बोलू नका."

"मी कशाला बोलू?" सहादू आबा म्हणाले, आणि खरंच कुणाला बोलले नाहीत. फक्त पुतण्याला, बंटीला तेवढं सांगितलं. बंटीचं गावात फ्लेक्स छापायचं दुकान होतं.

शनिवारी सकाळी हायवेच्या चौफुलीवर वीस बाय दहाचा फ्लेक्स लागला. 'चांदवडची शान योगेशभाऊ यांची चीफ हॅपिनेस ऑफिसरपदी, दरमहा रुपये नव्वद हजारांवर निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' चेहरा योगेशचा, कोट दुसऱ्याच कुणाचा. खाली शुभेच्छुकांचे सतरा फोटो. त्यातले दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, म्हणून त्यांना दोन टोकांना लावलं होतं.

"बंट्या, 'पहिल्या फेरीत' हे शब्द कुठं गेले?" योगेश फोनवर ओरडला.

"दादा, जागाच नव्हती. सतरा फोटो बसवायचे! पुंजामामांचा काढला असता तर शब्द बसले असते, पण मग तू त्यांच्या दारात पाय ठेवला असता का?"

योगेशला हे पटलं. पटायला नको होतं.

"मग पगार बरा बसला!"

"तो आबांनी सांगितला. म्हणले, बाकी कायबी काढ, आकडा काढू नको."

"आत्ताच्या आत्ता उतरव तो!"

"पाच दिवसांची परवानगी हे. मधीच उतरवला तर लोक म्हणतील, पोराला हाकललं."

रविवारी कारखान्याचे मॅनेजर चंद्रात्रे साहेब धुळ्याला लग्नाला निघाले होते. चौफुलीवर गाडी हळू झाली आणि त्यांना आपला पोट बिघडलेला कर्मचारी कोटात हसताना दिसला.

सोमवारी साहेब रागावले असते तर योगेश पाया पडून वाचला असता. पण साहेबांनी त्याच्या गळ्यात हार घातला.

"साहेब, अजून नक्की नाहीये."

"विनय बघा पोराचा!" साहेब सगळ्यांना म्हणाले. "अहो, नव्वद हजारवाल्याला अडवणारे आम्ही कोण? तुमच्या जागी आमचा भाचा येतोय उद्यापासून. इथं सही करा, फॉर्मॅलिटी."

पेढे वाटले गेले. वर्गणीतून आणलेलं भिंतीवरचं घड्याळ हातात पडलं. चाळीस माणसं टाळ्या वाजवत असताना राजीनाम्यावर सही न करणं योगेशला उद्धटपणाचं वाटलं. त्यानं सही केली. आता नव्वद हजारांची नोकरी मिळाली तरच धडगत होती.

मंगळवारी वैष्णवी मॅडम साध्या खुर्चीवर बसल्या होत्या. समोर लॅपटॉपवर फ्लेक्सचा फोटो.

"हे काय आहे, योगेश?"

"घरच्यांचा उत्साह, मॅडम."

"आमच्या इथल्या लोकांना पंधरा-पंधरा हजार पगार आहे. ते हॅपी होते. काल कुणीतरी हा फोटो ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. सकाळपासून सगळे वरच्या हॉलमध्ये बसलेत, आणि एकही माणूस हसत नाहीये."

"मग तर हॅपिनेस ऑफिसरची गरज..."

"पद रद्द झालंय," मॅडम म्हणाल्या.

योगेश घड्याळ काखेत मारून एसटीनं थेट चांदवडला गेला, ते बंटीची गचांडी धरायलाच. पण दुकानात पाच गिऱ्हाइकं ताटकळत होती आणि मशीन थांबत नव्हतं. गचांडी धरायला बंटी मोकळा होईपर्यंत योगेशचा राग निवला.

"किती सुटतात रे महिन्याला?"

"लाख-सव्वा लाख. निवडणुकीत विचारूच नको."

"आणि समाधान?"

"म्हंजे?"

"म्हणजे, मन रमतं का यात?"

"रमतं म्हंजे! काल दोन सख्खे भाऊ कोर्टातून भांडत आले. दोघांना एकाच फ्लेक्सवर शेजारी-शेजारी छापलं. आता दोघं मिळून मला शिव्या देतात. दादा, लय मजा येते."

योगेशनं काखेतलं घड्याळ टेबलावर ठेवलं. मग म्हणाला, "मला घे तुझ्याकडं."

बंटीनं मशीन बंद केलं.

"एक सांग. वाढदिवस सरपंचाचा. पैसे दिले मेव्हण्यानं. उद्घाटनाला आमदार. फ्लेक्सवर सगळ्यात मोठा फोटो कुणाचा?"

"सरपंचाचा," योगेश ताडकन म्हणाला. "त्याचाच तर आनंदाचा दिवस हे."

बंटीनं त्याच्याकडं नीट पाहून घेतलं. मग हात पुसले, उठून उभा राहिला आणि जन्मात पहिल्यांदा त्याला अहोजाहो केलं.

"बरं हे, दादा," तो म्हणाला. "तुम्हाला कळवतो."